काचेचा डबा आणि एप्रिलचा पेपर

विद्यापीठाच्या नव्या शैक्षणिक इमारतीचं चित्र दोन दिवसांपासून सगळ्या ग्रुपवर फिरतंय. नाव घेत नाही. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कुठलंही विद्यापीठ घ्या, चित्र हेच निघतं. पाच मजले, समोरून अख्खी निळी काच, पोर्चमध्ये दोन पांढऱ्या गाड्या आणि भोवती अशी हिरवळ की गाव महाबळेश्वरच्या शेजारी असावं. खाली "एकदम मेट्रो लूक" म्हणून टाळ्या.

रस्ता पश्चिमेला, म्हणून इमारतीचं तोंड पश्चिमेला, म्हणून काच पश्चिमेला. एवढाच विचार झालेला दिसतोय. दुपारी तीननंतर ऊन तिरकं होतं आणि तिरक्या उन्हाला छज्जा काही करू शकत नाही. ते काचेतून थेट आत येतं, फरशी आणि बाकं तापवतं, आणि ती उष्णता त्या बंद काचेतून तशी बाहेर पडत नाही. उन्हात काचा वर करून लावलेल्या गाडीचं दार उघडल्यावर जी वाफ तोंडावर येते ना, तीच. फक्त या डब्यात पोरं सेमिस्टरचा पेपर लिहीत असणार.

"एसी बसवणार आहेत हो." कुठे बसवणार? आपण सगळ्यांनी सरकारी इमारती पाहिल्यात. एसी कुलगुरूंच्या दालनात, कुलसचिवांच्या दालनात, बैठकीच्या हॉलमध्ये. वर्गांना पंखे, आणि तेही तापलेल्या स्लॅबखाली, म्हणजे डोक्यावर गरम हवेचा झोत. मजल्यामजल्यावर एसी बसवले असं समजू, तरी बिल कोण भरणार, दोन वर्षांनी दुरुस्ती कोण करणार? आणि एप्रिलमध्ये दुपारी लाईट गेली की या काचा उघडतही नाहीत. चित्र मोठं करून बघा, उघडणारी खिडकी सापडली तर मलाही दाखवा.

राग येतो तो याचा, की आपल्या हवेत एक फुकटची सोय आहे आणि ती वापरायचीच नाही असं ठरवलेलं आहे. ती सोय म्हणजे रात्र. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४०-४२ वर जातो, पण हवा कोरडी असल्यामुळे पहाटे तो पंचविशीच्या आसपास उतरतो. मुंबईला हे नशीब नाही. जाड भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचायला कित्येक तास लागतात. घरात हा त्रास असतो, रात्री झोपायच्या वेळी भिंत धगधगते, म्हणून तर आपले लोक माळवदावर झोपायचे. पण विद्यापीठात रात्री झोपतंय कोण? भिंत आतून तापेपर्यंत वर्ग सुटलेले असतात. वरच्या बाजूला जाळीचे झरोके ठेवा, रात्रभर गार वारा खेळू द्या, सकाळी भिंती पुन्हा थंड. म्हणजे दिवसा चालणाऱ्या इमारतीला आपली हवा घरापेक्षाही जास्त सोयीची आहे. माळवदाला सानं होतं, त्यातून गरम हवा वर निघून जायची, हे आपल्या आज्ज्यांना ठाऊक होतं. वाड्याची ढाळज आठवा. मे महिन्यात बाहेरून आल्यावर तिथे टेकलं की जीवात जीव यायचा.

लगेच कोणी म्हणेल, मग काय मातीचं विद्यापीठ बांधायचं? अजिबात नाही. जयपूरजवळ, म्हणजे आपल्यासारख्याच कडक उन्हात, पर्ल अकादमीची इमारत उभी आहे. डिझाइन शिकवणारी संस्था, दिसायला पुरेशी मॉडर्न. तिच्या भिंतींपासून सुमारे चार फूट पुढे जाळीचा दुसरा पडदा आहे, ऊन तिथेच अडतं. इमारत खांबांवर उचललेली, खाली बारवेसारखा सावलीतला चौक आणि पाणी, आणि ते पाणीही सांडपाणी शुद्ध करून वापरलेलं. छतावर उलटी मडकी मांडून मधल्या जागेत वाळू आणि विटांचे तुकडे भरलेत. मडकी! आपल्या कुंभारवाड्यात मिळतात ती. अहमदाबादला पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी वास्तुकलेचं विद्यालय बांधलं, साठच्या दशकात. उघड्या विटांच्या भिंती, उत्तरेकडून उजेड घेणारी तिरकी छपरं, आणि इमारतीच्या पोटात सावलीची मोकळी जागा, जिथे पोरं पायऱ्यांवर बसून गप्पा मारतात, शिकतात. त्या दोशींना २०१८ साली प्रित्झकर मिळालं, जगातला वास्तुकलेचा मोठा मान. तेव्हा आपणच अभिनंदनाच्या पोस्टी टाकल्या होत्या.

जुनं ते सगळं सोनं, असंही मी म्हणत नाही. आपला काळा दगड उघड्या उन्हात तव्यासारखा तापतो, त्याला सावली किंवा पांढरा गिलावा हवाच. कुलर एप्रिलमध्ये उत्तम, जुलैच्या दमट हवेत निरुपयोगी, आणि टँकरच्या गावात तो पाणी पितो हेही खरं. प्रयोगशाळा, सर्व्हर रूम, जुनी हस्तलिखितं यांना एसी लागणारच, द्या. पण वर्ग, ग्रंथालयाचा वाचनकक्ष, परीक्षेचा हॉल यांचं आधी दिशा, सावली, जाड भिंत आणि पांढरी गच्ची यावर बघा. उरलेल्या गरमीसाठी यंत्र.

इमारतीची लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाची ठेवायला जास्तीचा पैसा लागत नाही, नकाशा फिरवावा लागतो. दक्षिणेचं उन्हाळ्यातलं ऊन डोक्यावरून येतं, ते दीड-दोन फुटी छज्जानेही बरंचसं अडतं. पश्चिमेला जिने, स्वच्छतागृहं, भांडारं टाका, भिंत आंधळी ठेवा. केंद्राच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेतही, २०१७ च्या आवृत्तीत, साध्या मार्गाने जायचं तर खिडक्यांचं क्षेत्र बाहेरच्या भिंतींच्या ४० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितलंय. त्या चित्रातली समोरची बाजू तर शंभर टक्के काच दिसतेय!

अजून टेंडर निघालेलं नाही, असं ऐकतोय. अधिसभेवर किंवा व्यवस्थापन परिषदेवर तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर पुढच्या बैठकीत लेखी विचारायला लावा: काच कुठल्या दिशेला आहे, उघडणाऱ्या खिडक्या किती, आणि लाईट नसताना मे महिन्यात दुपारी तीन वाजता तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात किती तापमान असेल याचा हिशोब वास्तुविशारदाने केलाय का. केला असेल तर नकाशासकट विद्यापीठाच्या फलकावर लावा. ज्यांना तिथे बसून पेपर लिहायचाय त्यांना वाचू द्या.