दया नको, हक्क हवा!

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली सोव्हिएत साहाय्याने पेटली. या पोलादनगरीत कंत्राटी कामगाराच्या घरी बौद्धिक अक्षमता असलेले मूल असेल, तर त्याला सांभाळण्याकरिता आईची मजुरी सुटते. आपल्या मागे याचे काय, हा घोर जन्मभर लागतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालकत्वाची तरतूद केली. २०१६ च्या कायद्याने ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क दिला. परंतु वस्तीत संगोपन केंद्र व प्रशिक्षित शिक्षक नसतील, तर हा हक्क कागदावरच राहतो. भिलाईला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणकामगारांनी १९८३ साली शहीद रुग्णालय उभारले. त्याने शासनाची जबाबदारी संपत नाही. संघटनेची ताकद मात्र सिद्ध होते. कामगार संघटनांनी हा प्रश्न वेतनाच्या मागणीबरोबरच मांडला पाहिजे.