मालेगावचा गब्बर

सर्जिओ लिओने आणि त्याच्या इटालियन सोबत्यांनी स्पेनमधल्या अल्मेरियाच्या उजाड माळावर अमेरिकेचा ‘वेस्ट’ उभा केला, कारण तिथे खर्च कमी यायचा. लिओनेच्या 1968 सालच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मधल्या कुटुंबहत्येची सावली 1975 मध्ये ‘शोले’तल्या ठाकूरच्या अंगणात पडली. आणि आपल्या नगरहून मनमाडच्या रस्त्याने निघालं, की पुढे मालेगावात या घराण्याचं सर्वांत गरीब आणि माझ्या मते सर्वांत धाडसी लेकरू भेटतं. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या, लग्नांचं शूटिंग करणाऱ्या शेख नासिर यांनी 2000 साली ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च 50,000 रुपयांच्या आसपास, नट गावातलेच, संकलन व्हीसीआर एकमेकांना जोडून. रेल्वे परवडणारी नव्हती, तिथे बस आली. घोड्यांच्या जागी डाकूंनी सायकली दामटल्या. शुक्रवारी यंत्रमाग थांबले की पार्लरमध्ये गर्दी करणाऱ्या कामगारांना पडद्यावर आपल्याच गल्लीतला माणूस दिसला. (नगर जिल्ह्यात भाड्याच्या व्हीसीआरवर रात्र जागवलेल्यांना ते सुख वेगळं सांगायला नको.) फैझा अहमद खान यांच्या माहितीपटाने आणि पुढे रीमा कागती यांच्या चित्रपटाने मालेगावचं नाव जगभर नेलं. पण व्हीएचएसच्या टेपा दरवर्षी झिजतात, चित्र फिकटत जातं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने फाळक्यांच्या रिळांइतक्याच मायेने या टेपाही जपायला हव्यात, आणि तेही लवकर.