मालिशच्या परवान्याची किंमत कोण मोजणार?

पांढरकवड्यात आमच्या मोहल्ल्यात एका चाचांचे केस कापण्याचे दुकान आहे. दोन खुर्च्या, एक बाक, मागे पडदा. पडद्यामागे मालिश होते. केळापूर तालुक्याचा सगळा बाजार इथेच असल्यामुळे पाठ धरलेले शेतकरी येतात, जिनिंगमध्ये गठाणी उचलणारे मजूर येतात, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे ट्रक ड्रायव्हर येतात. डोक्याची चंपी ५० रुपये.

मध्यंतरी चाचांनी तिसऱ्या खुर्चीसाठी एका बँकेत कर्ज मागितले. बँकेने दुकानाचा कागद मागितला, ज्याला आपल्याकडे अजूनही सगळे गुमास्ता म्हणतात. एका एजंटाने तो काढून द्यायचे ३,००० रुपये सांगितले. चाचा माझ्याकडे आले. "बेटा, तू कॉम्प्युटरवाला ना? तीस वर्षं झाले दुकानाले, कोनी कागद इचारला नाही. आता कायले पाहिजे?"

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. कायदा उघडून पाहिला. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ साली नव्याने झाला आणि त्याच वर्षी १९ डिसेंबरपासून लागू झाला. तेव्हाच त्यात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणी प्रमाणपत्राची गरज ठेवली नव्हती. धंदा सुरू असल्याची ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची. बस्स. एजंट ३,००० रुपये मागत होता तो या पावतीसाठी. ३,००० रुपये म्हणजे साठ चंप्या.

घरी बसून एका संध्याकाळी काम झाले. खरे तर अर्ध्या तासाचे काम होते. पण आधारला जोडलेला मोबाइल नंबर चाचांच्या जावयाचा निघाला. जावई अदिलाबादला, तो फोन उचलेना, ओटीपी येईना. या अशा अडचणींवरच एजंटांचे पोट चालते. कायदा सोपा झाला तरी त्याचा दरवाजा इंग्रजी फॉर्मचा आणि ओटीपीचा राहिला, तर गरिबाला तो बंदच असतो.

हा विषय संपादकीयाला घेण्याचे कारण मात्र चाचांचे दुकान नाही. महाराष्ट्रात मालिश करणाऱ्यांसाठी आज वेगळा परवाना कायदा नाही. शहरांत स्पावर धाड पडल्याची बातमी आली की मात्र 'यांना लायसन्स सक्तीचे करा' अशी मागणी होते. दिल्ली सरकारने २०२१ मध्ये स्पा आणि मसाज केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मालिश करणाऱ्याकडे फिजिओथेरपी, अॅक्युप्रेशर किंवा ऑक्युपेशनल थेरपीची पदवी, पदविका किंवा प्रमाणपत्र हवे, शिवाय पुरुषाने स्त्रीची आणि स्त्रीने पुरुषाची मालिश करायची नाही, असे त्यात होते. या दुसऱ्या अटीला डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. वृत्तपत्रांत चर्चा झाली ती त्याच अटीची. माझ्या मते जास्त माणसांच्या पोटावर येणारी अट पहिली होती.

अमेरिकेत हे फार पुढे गेले आहे. तिथे बहुतेक राज्यांत मालिश करायला सरकारी परवाना लागतो. न्यूयॉर्क राज्यात त्यासाठी १,००० तासांचे शिक्षण, मग परीक्षा, मग फी. कॅलिफोर्नियाने मात्र राज्यपातळीवरचे प्रमाणपत्र ऐच्छिक ठेवले आहे. म्हणजे एकाच देशात, एकाच कामासाठी दोन टोके. असा कायदा आपल्याकडे आला तर तो न्यूयॉर्कसारखा असेल की कॅलिफोर्नियासारखा, याचा विचार कायदा यायच्या आधी व्हायला हवा.

ज्या हातांबद्दल हे चालले आहे त्यांचा इतिहास लहान नाही. पाटण्यात १७५९ साली जन्मलेल्या शेख दीन मुहम्मद यांनी १८१४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ब्रायटनला वाफेचे स्नान आणि चंपीचे दुकान काढले. आपल्या 'चांपो'चा इंग्रजीत 'शॅम्पू' झाला. पुढे ते दोन राजांचे 'शॅम्पूइंग सर्जन' म्हणून नेमले गेले. वैद्यकीय पदवी त्यांच्याकडे नव्हती.

अर्थात, दीन मुहम्मदांचे नाव घेऊन प्रत्येक मालिशवाल्याला मोकळे सोडा, असे मी म्हणणार नाही. आमची मुलगी झाली तेव्हा चाळीस दिवस एक खाला बाळ-बाळंतिणीच्या मालिशला यायच्या. बायकोची पाठ त्यांच्यामुळे सरळ झाली, हे ती आजही सांगते. पण पहिल्याच दिवशी खालांनी बाळाच्या नाकात तेल सोडायला बोट पुढे केले आणि बायकोने त्यांचा हात धरला. नाका-कानात तेल घालू नका, डोके दाबून गोल करू नका, असे बालरोगतज्ज्ञ कळकळीने सांगतात. मोडलेल्या हाडावर मालिश केल्याने हात कायमचा वाकडा झालेली माणसे प्रत्येक गावात आहेत. न्हाव्याचे जुने ब्लेड कावीळ आणि एचआयव्ही देऊ शकते. म्हणून शिकवणे हवे, स्वच्छतेची तपासणी हवी आणि 'लकवा बरा करतो' म्हणणाऱ्याला जाब विचारणारा कोणीतरी हवा. याला विरोध करणे म्हणजे आपल्याच गिऱ्हाइकांशी बेइमानी.

प्रश्न एवढाच की हे शिकणे आणि तपासणे कोणाच्या खिशातून? सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात कर आणि शुल्क यांतला फरक सांगितला: कर सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो, शुल्काच्या बदल्यात काही सेवा मिळायला हवी. पुढच्या निकालांनी नियमनाच्या शुल्कापुरती ही अट सैल केली. कायद्याने ती सैल झाली असेल, पण चाचांना 'माझ्या पैशाचे काय मिळाले' हे विचारायचा हक्क उरतोच.

सरसकट रक्कम कशी बोचते याचे उदाहरण व्यवसाय कराचे आहे. मराठेशाहीत कारागिरांवर 'मोहतर्फा' असे. शब्द अरबी, मूळ 'हिर्फा' म्हणजे कसब. आजच्या व्यवसाय कराला राज्यघटनेने वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. माझ्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापले जातात. मला ते पगारपत्रकावरच दिसतात, एरवी लक्षातही येत नाहीत. हाच आकडा मालिशच्या परवान्याला लावला तर चाचांच्या पन्नास चंप्या जातील.

मग करायचे काय? नमुना शोधायला लांब जावे लागत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत नोंदणी मोफत आहे. गावाच्या किंवा नगरपरिषदेच्या पातळीवर पडताळणी होते, काही दिवसांचे प्रशिक्षण मिळते आणि त्या काळात रोज ५०० रुपये भत्ता. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि कमी व्याजाचे कर्जही आहे. पिढीजात कसब ओळखायचे, वर थोडे शिकवायचे आणि त्यासाठी कारागिराकडून पैसे घ्यायचे नाहीत, हे सरकारला जमते याचा हा पुरावा. यादीत अठरा व्यवसाय आहेत. त्यात न्हावी आहे, मालिश नाही. चाचा बसतात, खाला बसत नाहीत. आमच्या धंद्यात आम्ही जाणतो, ड्रॉपडाउनमध्ये जे नाव नाही ते सिस्टिमच्या लेखी नसतेच.

या यादीत मालिश यावी, विशेषतः बाळंतिणीच्या मालिशवाल्या याव्यात, अशी आमची मागणी आहे. पाच-सहा दिवसांच्या शिकवणीत आशाताई आणि नर्सबाई त्यांना काय करू नये ते सांगतील. पदवीची अट फक्त उपचाराचा दावा करणाऱ्याला असावी. आणि उद्या परवाना आलाच, तर शुल्क ठरवणाऱ्या समितीत मालिश करणारेही हवेत. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के जागा फेरीवाल्यांनाच दिल्या आहेत. तीच रीत इथे का नको?

तोवर आपल्या हातात आहे ते करू. पुढचे चार शुक्रवार जुम्याच्या नमाजनंतर मी आणि दोन मित्र लॅपटॉप घेऊन चाचांच्या दुकानाच्या बाकावर बसणार आहोत. न्हावी, शिंपी, धोबी, कोणत्याही समाजाचे असोत, दुकानाची सूचना आणि विश्वकर्माची माहिती समजून घ्यायला यावे. पैसे लागणार नाहीत. आधार, दुकानाचे वीजबिल किंवा भाडेपावती आणि बँकेचे पासबुक आणावे. आधारला ज्याचा नंबर जोडलाय, तो जावई असो की भाचा, त्यालाही सोबत आणा.