सल्ला आणि कारणे

पश्चिम घाटाविषयी डॉ. माधव गाडगीळ समितीने आपला अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये केंद्राला सादर केला. जनतेच्या हाती तो मे २०१२ मध्ये पडला, तोही माहिती अधिकाराचा झगडा दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर. ग्रामसभांना विचारून निर्णय घ्या, असे सांगणारा अहवाल ग्रामस्थांपासूनच दडविला जावा, हा केवढा दैवदुर्विलास!

रोग्याला औषधाशी काम, कारणांशी नव्हे, असे काही विद्वान म्हणतील. परंतु ‘डोंगरावरील झाड तोडू नका’ एवढेच सांगितले तर तो हुकूम ठरतो. डोंगर उघडा पडला की कुळागराची झर आटते, हे समजाविले तर बागायतदार स्वतःच राखणदार होतो. कारणे सांगणे हे तज्ज्ञांचे कर्तव्य, आणि ती जनतेपासून न दडविणे हे सरकारचे.