ज्यांना गहू सोसत नाही



ज्वारीची भाकर हे आपल्या तिगाव-पांढुर्णा भागाचे जुने अन्न. आता घरोघरी पोळी आली आहे, आणि सणावाराला रोडगे, शेवया, शिरा हे गव्हाचेच पदार्थ पानात पडतात. बहुतेकांना गहू मानवतो. परंतु काही थोड्या माणसांची प्रकृती तोच गहू आतून पोखरतो. या दुखण्यास सीलियाक रोग म्हणतात. उत्तर भारतातील पाहण्यांत शंभरांत सुमारे एकास तो आढळला आहे.

मूल पोटभर जेवते, तरी अन्न अंगी लागत नाही. पोट फुगलेले, हातपाय काडीसारखे, वारंवार जुलाब, चेहरा फिका. कोणी म्हणते दृष्ट लागली. कोणी म्हणते आई नीट खाऊ घालीत नाही. त्या माउलीचा दोष काय? दोष असतो तो आतड्यात.

आपल्या लहान आतड्याच्या आतील बाजूस मखमलीसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. पचलेल्या अन्नाचा रस हेच अंकुर शोषून रक्तात पोहोचवितात. गहू व जव यांत ग्लुटेन नावाचे एक प्रथिन आहे. या रोग्यांच्या शरीराची संरक्षक शक्ती त्यास शत्रू समजून लढू लागते, आणि त्या लढाईत स्वतःचेच अंकुर झिजून सपाट होतात. मग लोह शोषले जात नाही आणि रक्त कमी होते. कॅल्शियम व ड जीवनसत्त्व मिळत नाही आणि हाडे ठिसूळ होतात. स्निग्धांश तसाच शौचावाटे जातो. दूधही काही काळ पचेनासे होते. काहींना जुलाब मुळीच नसतात. लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही रक्त वाढत नाही, किंवा मुलाची उंची खुंटते, एवढीच खूण असते.

हे कारण ध्यानी येण्यास फार काळ लागला. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाविषयी शंका होतीच. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तेथे दुष्काळ पडून पाव दुर्मिळ झाला, तेव्हा ही आजारी मुले उलट सुधारू लागली. १९५० साली त्यांनी आपल्या प्रबंधात गव्हाचा हा दोष मांडला.

शंका आल्यास प्रथम रक्ताची तपासणी करावी. पुढे दुर्बिणीने आतड्याचा लहानसा तुकडा काढून पाहतात. तपासणीपूर्वी गहू बंद करू नये, नाहीतर रोग लपून राहतो. निदान झाल्यावर मात्र गहू, रवा, मैदा, जव जन्मभर वर्ज्य. ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ हे सारे निर्धोक. परंतु ज्या चक्कीवर नुकताच गहू दळला, तिच्यावर दळलेली ज्वारीही बाधते. परात व पोळपाट वेगळे ठेवावेत. बाजारच्या हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. हे पथ्य पाळल्यास झिजलेले अंकुर हळूहळू पुन्हा उगवतात.

येथे श्रद्धावंत आईबापांपुढे एक प्रश्न उभा राहतो. पवित्र मिस्साबलिदानाची भाकर गव्हाचीच असावी, असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. मग अशा लेकराने प्रथम ख्रिस्तप्रसाद घ्यावा कसा? रोमने २००३ साली याचे उत्तर दिले व २०१७ साली त्याचा पुनरुच्चार केला. ग्लुटेन मुळीच नसलेली ओस्ती चालत नाही; अत्यल्प ग्लुटेन असलेली ओस्ती मान्य आहे, आणि तीही न सोसणाऱ्याने केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घ्यावा. प्रत्येक रूपात ख्रिस्त संपूर्ण उपस्थित असतो, ही आपली श्रद्धाच आहे. त्या लेकराला काहीही उणे मिळत नाही. मात्र ओस्तीचा कण न पडलेला वेगळा चषक त्याच्यासाठी ठेवावा लागतो. म्हणून आईबापांनी संकोच न धरता धर्मगुरूंशी आधीच बोलावे.

शेजाऱ्यांनीही हे जाणावे. "एक घास खाल्ल्याने काय होते?" असा प्रेमाचा आग्रह या लेकरांना घातक ठरतो. पंगतीत त्याच्या पानात पोळीऐवजी जपून केलेली ज्वारीची भाकर वाढणे, हेही शेजारधर्माचे मोठे कृत्य होय.