वर्षावास संपला, वाफे धरा

आषाढ पौर्णिमेला सुरू झालेला वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो, हे आपल्या उपासक-उपासिकांना सांगायला नको. परंतु ही प्रथा का पडली, याचे विनयपिटकात दिलेले कारण पुष्कळांच्या लक्षात नसते. भर पावसाळ्यात भिक्खू हिंडत राहिले की हिरवे अंकुर आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार होती. ती ऐकून तथागतांनी पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. आणि ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात नवख्या माणसाने भाजीचे बी मातीत टाकण्याचा काळही नेमका वर्षावास संपल्यावरच येतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाऊस मागे फिरतो, त्यानंतर पंधरा-वीस दिवस उन्हाचा चटका असतो आणि मग रात्री हळूहळू गार होऊ लागतात. चटक्याचे हे दिवस माती खणण्याचे, पेरणी त्यानंतरची.

आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाच्या भगिनींनी विहारामागची दहा बाय बारा फुटांची जागा साफ केली आणि आता काय लावायचे, असे विचारले. बहुतेकींच्या मनात फ्लॉवर, कोबी आणि टोमॅटो होते. माझा आग्रह निराळा होता. पहिल्या वर्षी फ्लॉवर-कोबीच्या नादी लागू नये. आपल्याकडची थंडी चार दिवसांची, अळी मात्र हमखास. पाहुण्यांना दाखवायला फ्लॉवर छान, पण बालवाडीच्या मुलांच्या ताटात दर आठवड्याला काहीतरी हिरवे पडले पाहिजे, हा आपला हेतू आहे ना?

काय लावावे याच्या आधी कुठे लावावे आणि कोणते पाणी घालावे, हे ठरले पाहिजे. लोकलच्या खिडकीतून रुळांच्या कडेचे पालक, माठ, भेंडीचे पट्टे आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. रेल्वेने अधिक धान्य पिकवा योजनेखाली आपल्या मोकळ्या जागा कर्मचाऱ्यांना भाडेपट्ट्याने दिल्या, त्यातून ही शेती वाढली. तिला गटाराचे पाणी मिळते, हे वर्तमानपत्रांतून अनेकदा छापून आले आहे. त्या चिखलात पाय रोवून राबणाऱ्या मजुराला नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्याला कोणी नळ दिलेला नाही. पण आपण तसे करू नये. गटारातले रोगजंतू भाजी धुऊन, शिजवून बऱ्याच अंशी मरतात. कारखान्यांच्या सांडपाण्यातले शिसे, कॅडमियम मुळांवाटे पानात शिरते आणि ते कितीही धुतले तरी निघत नाही. पालेभाज्या तर हे धातू जास्तच ओढून घेतात. अंबरनाथ-उल्हासनगरातून येणाऱ्या वालधुनीच्या काठावर राहणाऱ्यांना याहून अधिक सांगायला नको. डोंबिवलीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. अशा ठिकाणच्या मातीत फुलझाडे लावावीत, खाण्याची भाजी नको.

जागा भरावाची असेल तर आधी फूटभर खणून पाहावे. डेब्रिज, काच, निळी-पांढरी पूड किंवा उग्र वास आढळला तर तिथल्या मातीचा नाद सोडावा. तांदळाच्या रिकाम्या गोण्यांत चांगली माती आणि शेणखत भरून त्यात लावावे. जागेवर निदान सहा तास ऊन पडले पाहिजे. आणखी एक कारकुनी सूचना : जागा महापालिकेची असो की सोसायटीची, लेखी परवानगी घेऊन तिची प्रत फाईलला लावावी. भाजी उगवल्यावर हक्क सांगायला पुष्कळ जण येतात.

दहा फूट रुंदीत अडीच-अडीच फुटांचे तीन वाफे आणि मध्ये सव्वा फुटाच्या दोन वाटा बसतात. वाफ्यात कधीही पाय ठेवायचा नाही, दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे. प्रत्येक वाफ्यात एक घमेले भरून कुजलेले शेणखत मिसळावे. कल्याणच्या तबेल्यांतून शेण मिळते, मात्र ताजे शेण घालू नये, त्याने वाळवी येते.

पहिला वाफा पालेभाज्यांचा. मेथी आणि लाल माठ पंचवीस-तीस दिवसांत काढणीला येतात, पालकाची पहिली कापणी महिन्याभरात होते आणि मुळे राखली तर पंधरा-पंधरा दिवसांनी पुन्हा होते. कोथिंबिरीसाठी धणे चपलेखाली हलके रगडून त्यांच्या दोन फाका कराव्यात, रात्रभर भिजवावेत आणि मग पेरावेत. अख्खे धणे टाकून उगवण्याची वाट पाहत बसलेली माणसे मी पाहिली आहेत. सगळे बी एकाच दिवशी टाकू नये, हे विशेष लक्षात ठेवावे. एकदम पेरलेली मेथी एकदम तयार होते, अर्धी वाटली जाते आणि अर्धी फुलावर येऊन कडू होते. वाफ्याचे तीन भाग करून दर दहा दिवसांनी एक भाग पेरला तर थंडीभर भाजी मिळते.

दुसऱ्या वाफ्यात मुळा आणि भेंडी. मुळा दीड महिन्यात तयार, शिवाय पाल्याची भाजी वेगळी. भेंडीची परभणी क्रांती ही जात केवडा रोगाला दाद देत नाही, म्हणून नवख्याला बरी. तिसऱ्या वाफ्यात वांगी आणि मिरची. त्यांचे बी आधी उंच गादीवाफ्यावर किंवा खोक्यात टाकावे आणि चार-पाच आठवड्यांची रोपे संध्याकाळच्या वेळी लावावीत. वांग्याला दोन फुटांचे अंतर ठेवावे. रोप इवलेसे दिसते म्हणून दाटी करण्याचा मोह होतो, तो आवरावा.

आणि कुंपणाला वाल. ठाणे-रायगडात भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल घेण्याची जुनी रीत आहे. त्याला पाणी थोडे लागते आणि मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरून जमिनीला देतात. मावा पडला तर लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवावी आणि गाळून फवारावी.

तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी वाफ्याला चालते. साबणाचे पाणी केळीला किंवा शोभेच्या झाडाला घालावे. पिंप झाकून ठेवावे, नाहीतर भाजीआधी डास तयार होतील. पाणी वाहण्याचे काम मात्र मंडळातल्या पुरुषांनी करावे. खुरपणी, कापणी, वाटणी भगिनींनी केल्यावर एवढे तरी आपल्या वाट्याला हवे.

एवढ्याशा जागेत काय होणार, असे हसून विचारणारे भेटतातच. त्यांनी बाबासाहेबांचा भारतातील लहान शेतजमिनींवरचा १९१८ सालचा निबंध वाचावा. जमीन केवळ आकाराने लहान आहे म्हणून तोट्याची ठरत नाही, तिच्यावर लावलेले भांडवल, अवजारे आणि श्रम यांचे प्रमाण पाहावे लागते, असा त्यांचा मुद्दा होता. अर्थात एकशेवीस चौरस फुटांवर कोणाचे कुटुंब चालत नाही, बाजारहाट सुटत नाही. पालेभाजी ताजी मिळते आणि ती कोणत्या पाण्यावर वाढली हे ठाऊक असते, इतकेच.

शिकवायला बाहेरून कोणी आणण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून इकडे आलेल्या आज्या अजून काही वस्त्यांत आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाची हकीगत त्यांनी घरातल्या माणसांकडून ऐकलेली असते. आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर खुरपे चालवल्यामुळे कोणते बी किती खोल टाकायचे, हे त्यांच्या बोटांना कळते. आमच्याकडच्या एका आजींना खुर्ची दिली, तर त्या म्हणाल्या, "खुर्ची राहू दे, खुरपं दे."

माठाची दोन झाडे आणि वालाच्या भरदार शेंगांचा एक वेल बियाण्यासाठी राखून ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंगा झाडावरच वाळू द्याव्यात, दाणे काढून दोन दिवस उन्हात ठेवावेत आणि राखेत घोळून डब्यात भरावेत. डब्यावर तारीख आणि जातीचे नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवायची.