जंतू दिसू लागले, जखमी मजूर कधी दिसणार?

हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकडा हा केळी आणि हळदीचा पट्टा. या पिकांच्या भावाची चर्चा रोज होते; पण चिखलात अनवाणी राबणाऱ्या शेतमजुराच्या पायाची चर्चा कोणी करीत नाही. काटा रुततो, कुदळ लागते. जखमेत हळद दाबून माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जातो, कारण घरी बसले की मजुरी बुडते. त्यात मधुमेहाने पाय बधिर झालेला असेल तर दुखतही नाही. जखम आतून चिघळते आणि शेवटी पाय कापण्याची वेळ येते.

अशा जखमेतील जंतू आता जागेवरच पाहता येतात. अंधारात जखमेवर जांभळा प्रकाश टाकला की अनेक जंतू लाल चमकतात, स्यूडोमोनास हा चिवट जंतू निळसर-हिरवा दिसतो, तर माणसाचे मांस हिरवे दिसते. कल्चरच्या अहवालाला दोन-तीन दिवस लागतात. हा कॅमेरा काही मिनिटांत नेमकी कुठे सफाई करायची ते दाखवतो. कॅनडातील मॉलेक्युलाइट कंपनीच्या अशा यंत्राला अमेरिकेने २०१८ साली मान्यता दिली. चेन्नईच्या अदियुवो डायग्नोस्टिक्सनेही असे यंत्र बनविले आहे. म्हणजे हे ज्ञान आपल्या देशातही आहे.

हे यंत्र म्हणजे जादू नव्हे. स्ट्रेप्टोकोकससारखे काही जंतू त्यात चमकत नाहीत, फार खोलवरचेही दिसत नाहीत. कोणते औषध लागू पडेल हे कल्चरच सांगते. परंतु जखम लाल झाली का, हे पाहण्याची जुनी रीत गोऱ्या कातडीवर घडली आहे. उन्हात रापलेल्या काळ्यासावळ्या पायावर ती लाली सहज दिसत नाही. म्हणून या प्रकाशाची गरज सर्वांत जास्त आमच्याच माणसांना आहे.

मग ही यंत्रे आधी कोठे जावीत? शहरातील खाजगी रुग्णालयात, की शेतमजूर, ऊसतोड कामगार आणि सफाई कामगार जेथे उपचाराला येतात तेथे? हिंगोलीत २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे एक यंत्र ठेवावे, ते ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयांत फिरवावे आणि परिचारिकांना त्याचे प्रशिक्षण द्यावे. सोबत मधुमेहाची तपासणी, नियमित मलमपट्टी आणि पायात घालायला बूटही हवेत. नाहीतर नुसता फोटो काढून जखम बरी होत नाही.

बाबासाहेब स्वतः मधुमेहाने त्रस्त होते. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य असल्याचे संविधानाचे कलम ४७ सांगते. मजुराचा पाय वाचविणे हे त्याच कर्तव्यात येते, हे राज्यकर्त्यांना ठणकावून सांगितले पाहिजे.